उशाशी भरून ठेवलेला तांब्या

प्रिय वहिनी,

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि दोघीच असलो की 'तू'. आज दोघीच आहोत, म्हणून 'तू'च लिहिते.

तू जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणाऱ्या बायका मला जरा नाटकीच वाटायच्या, खरं सांगते. पण यंदा पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, तुझ्या नावानं वाढलेल्या पानासमोर आपल्या आईनं जे तोंडातून काढलं ते ऐकून मी जागच्या जागी थिजले. त्यानंतर जे जे होत गेलं त्यानं तर डोकंच चालेना झालंय. शाळेत मुलांना धडा वाचून दाखवते आणि मध्येच कुठं होते तेच विसरते. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? दादाला? तो तर तू गेल्यापासून विचारलं तेवढंच बोलतो.

थांब, आधीपासून सांगते. यातलं अर्धं तुला माहीतच नाही. तू तेव्हा धड शुद्धीवर नव्हतीस.

गेल्या वर्षीची संक्रांत आठवते का? मी नांदेडहून रेणापूरला आले होते. तू तिळाच्या पोळ्या लाटत होतीस आणि सारखी उठून मोरीकडे पळत होतीस. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं बघितलं. आई हळूच म्हणाली, "पाळी चुकली का गं?" तू पोळपाटाकडं बघत नुसती मान हलवलीस. अगं माय! लग्नाला सहा वर्षं झाली होती. आईचं तोंड एवढं फुललेलं मी माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं!

त्याच संध्याकाळी आईनं माळ्यावरून तो तांब्या काढला. अस्सल तांब्याचा, तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलेला. चिंच लावून घासला, पाण्यानं भरला, वर फुलपात्र झाकलं आणि तुझ्या उशाशी आणून ठेवला. "पोटुशी बाईनं सकाळी उठल्या उठल्या ह्येच पाणी प्यावं. लेकराला बळ येतं." तिला हे तिच्या आईनं सांगितलेलं. तू म्हणायचीस, "आत्याबाई, मी भरून घेते की." तर ती म्हणायची, "तू नगं. तू गुमान पडून ऱ्हा." रोज संध्याकाळी सासू सुनेसाठी पाणी भरतेय, हे बघून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आईला त्याचं काही नव्हतं.

आणि हदगावच्या काकू! तुझ्या आईला मी पहिल्यापासून काकूच म्हणते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नेम आजकाल कोण पाळतं? काकू पाळायच्या. हदगावहून नांदेड, नांदेडहून रेणापूर, गाड्या बदलत भर उन्हात यायच्या आणि आपल्या ओसरीवर बसून पिशवीतल्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायच्या. माझं डोकं फिरायचं. एकदा मी बोललेसुद्धा, "काकू, आमच्या पाण्यात काय विष हाय का?" त्या खो खो हसल्या. "नातवंडाचं तोंड पाहू दे माय, मग तुमचा आख्खा तांब्या घटाघटा पिते का न्हाई बघ!" तू माझ्या पाठीत गुद्दा घातला होतास. तेव्हा या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आता आठवलं की जीभ हासडून टाकावी वाटते.

गोड बातमी कळल्यावर आईनं त्यांना फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच बोलली, "विहीणबाई, आता तुमचा नेम सुटणार बगा." तू आतून ओरडलीस, "सांगा आत्याबाई, मला आईला आपल्या घरी पाणी पिताना एकदा बघायचंय!"

वहिनी, तुला तेव्हाच काहीतरी कळत होतं ना? सांधे दुखत होते, अंगाला खाज सुटत होती, दुपारी भांडी घासता घासता बसल्या जागी डोळे मिटत होते. मी फोनवर विचारलं तर काय म्हणालीस? "काही न्हाई गं ताई, थकून राहिले जरा." तुझं ते हदगावचं 'राहिले'! येऊन राहिले, जेवून राहिले. आम्ही रेणापूरकर त्यावरून तुला किती चिडवायचो. त्याही दिवशी चिडवलं आणि तू हसलीस. अगं, एकदा तरी नीट सांगायचं होतंस! पण कशी सांगणार म्हणा. आमची सगळ्यांची गाडी डोहाळजेवणापर्यंत जाऊन पोचली होती, तिला ब्रेक कोण लावणार?

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुझे डोळे पिवळे दिसले. शेजारची म्हणाली, हळद डोळ्यांत गेली का काय गं सूनबाईच्या! सगळ्या हसल्या. त्याच आठवड्यात तुला लातूरला नेलं.

सोनोग्राफीच्या खोलीत मी तुझ्याबरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्र ओटीपोटावर फिरवलं, परत फिरवलं, मग हळूहळू वर उजव्या बाजूला नेलं आणि तिथंच थांबल्या. "बाळ नाहीये," म्हणाल्या. "पोटात पाणी साठलंय. लिव्हर खराब दिसतंय. पाळी त्यामुळंच बंद झाली असणार." मला वाटलं, ह्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. आणि तू, वहिनी, तू पडल्या पडल्या काय म्हणालीस! "मॅडम, नीट बघा ना. लहान असंल अजून."

त्या वाक्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याच सोनोग्राफीच्या खोलीत पाय ठेवलेला नाही.

तुला भरती केलं. हदगावहून काकू आणि तुझा भाऊ गजानन आले. रक्त तपासून झालं. साधी कावीळ नव्हती, कुठला जंतू सापडत नव्हता. मग त्या दवाखान्यातल्या व्हरांड्यातली ती सकाळ. आम्ही सगळे बाकड्यावर बसलेलो. एक तरुण डॉक्टर घाईघाईनं आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "सेरुलोप्लाझ्मिन कमी आलंय पेशंटचं. तांबं वाहून नेणारं प्रथिन असतं ते. अंगात तांबं साठत नाही ना, हे बघावं लागेल. डोळे तपासून घ्या." आणि गेला, दुसऱ्या वॉर्डात! कुणाला काही विचारायलासुद्धा सापडला नाही.

आणि आमची भोळी आई पटकन बोलून गेली, "तांबं व्हय? मग म्या तर रोज तिला तांब्याच्या भांड्यातलंच पाणी देते की!"

तिनं ते मदत म्हणून सांगितलं गं! तिच्या कानात 'कमी आलंय' एवढंच शिरलं होतं. कमी पडतंय तर बरं झालं आपण देतोय, असा तिचा भाबडा हिशेब. गजाननच्या कानात मात्र 'साठतंय' शिरलं होतं. त्याचं तोंड असं काही झालं की मी बाकड्यावरून उठलेच. तो सरळ तुझ्या खोलीत गेला. आईनं घरून आणलेला तांब्या तुझ्या कॉटशेजारी होता, फुलपात्र झाकून. त्यानं तो उचलला आणि बेसिनमध्ये उपडा केला. आईनं रिकामा तांब्या उचलून पिशवीत घातला आणि ती पिशवी पायांत धरून बसून राहिली.

दुपारी तुला जरा जाग आली. "आत्याबाई, तुमच्या तांब्यातलं पाणी द्या ना. ह्या बाटलीचं कडू लागून राहिलंय." आईनं दाराकडं बघितलं. दारात गजानन उभा. आईनं बाटलीचं टोपण उघडलं आणि चमच्यानं तुझ्या तोंडात पाणी घातलं. तू तोंड मिटून घेतलंस, पाणी ओघळून उशीवर गेलं. तांब्या तिच्या पायांतच होता. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

नांदेडला लिव्हरचे मोठे डॉक्टर आहेत म्हणून दुसऱ्या दिवशी तुला तिकडं हलवलं. त्यांनी डोळे तपासले, आणखी रक्त काढलं, औषध बदललं. दोन दिवस तू बरी वाटलीस. दादाला म्हणालीससुद्धा, दाढी करा, कसले दिसून राहिलात. पण पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन शिरलं होतं. मी बाहेर उभी राहून शाळेत रजेसाठी फोन करत होते. हेडबाई विचारत होत्या, कधी येणार? मी म्हणाले, सोमवारी येते, वहिनी सुधारतेय. फोन ठेवून आत आले तर दादा भिंतीला टेकून खाली बसला होता आणि सिस्टर तुझ्या हाताची सुई काढत होती. मी विचारलं, सुई का काढताय? बघ, किती वेळ मला कळलंच नाही!

आणि मग रेणापूरला, तुला उचलायच्या आधी, अख्ख्या गल्लीसमोर गजाननचा आवाज आला. "ह्या बाईनं तांब्याचं पाणी पाजून पाजून माझ्या बहिणीला मारलं!"

मी ओरडले, "तोंड सांभाळून बोल!" दादानं मान वर केली नाही. आईनं फक्त काकूंकडं बघितलं. काकू तुझ्या पायापाशी बसल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यानंतर हदगावचा फोन बंद झाला. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं वेडंवाकडं. विसरून जाऊ. आई गप्प झाली, तर मला वाटलं सुनेच्या दुःखानं गप्प झाली. देवघरातलं ताम्हण, पळी, सगळं जाऊन स्टीलचं आलं, तर मला वाटलं घासायला सोपं पडतं म्हणून बदललं असेल. बघ ना, मास्तरीण म्हणवते स्वतःला!

आता यंदाच्या नवमीचं सांगते. तू अहेव गेलीस म्हणून तुझा मान नवमीला. सवाष्ण जेवायला बोलावलेली, तुझं पान वाढलेलं. गुरुजी म्हणाले, "पाणी सोडायला तांब्याचं भांडं द्या." आई आतूनच बोलली, "घरात न्हाई तांबं." गुरुजी म्हणाले, शेजारून आणा. दादा शेजारून एक तांब्या घेऊन आला, भरला आणि तुझ्या पानाशी ठेवला. आई खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं तो बघितला. पातेलं खाली ठेवलं आणि हाताच्या फटक्यानं तो तांब्या उडवला. पाणी पार उंबऱ्यापर्यंत गेलं.

"येकदा पाजलं तेवढं बस न्हाई का झालं? मेल्यावर बी माझ्याच घरात, माझ्याच हातानं पाजू का तिला?"

वहिनी, मी खरंच थिजले. सवाष्ण बिचारी पानाला हात न लावता तशीच बसली. म्हणजे ही बाई दीड वर्ष हे मनात धरून जगत होती? सकाळी उठते, धार काढते, भाकरी थापते, दादाचा डबा भरते, आणि मनात काय, तर आपण सुनेला मारलं! आणि आम्हाला पत्ता नाही!

मी तिला स्वैपाकघरात गाठलं. "आई, तुला खरंच तसं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? डागदरच बोलला न्हाई का, तांबं म्हणून. अन् पाणी म्याच दिलं. लेकराला बळ यावं म्हणून दिलं. अन् तिथं लेकरू बी नव्हतं."

मी दादावर तुटून पडले. "नांदेडच्या डॉक्टरांनी तुला बसवून सगळं सांगितलं होतं ना रे?" तो म्हणाला, "सांगितलं असंल. मला काही ऐकू येत नव्हतं, शीतल."

नांदेडला परतल्याबरोबर मी त्या डॉक्टरांकडं गेले. पेशंटच्या रांगेत नंबर लावून बसले. त्यांना तू आठवत होतीस. मी एकच प्रश्न विचारला, "तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं माझी वहिनी गेली का?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मग त्यांनी समजावलं. अंगात तांबं साठण्याचा एक आजार असतो, तरुण माणसाचं लिव्हर बिघडलं की तो तपासावाच लागतो. पण तो जन्मापासून रक्तात असतो, भांड्यानं होत नाही. आणि तुला तो नव्हताच. डोळ्यांत त्याची खूण नव्हती, बाकीच्या तपासण्याही दुसरंच सांगत होत्या. तुझ्या अंगातली राखण करणारी ताकदच तुझ्या लिव्हरवर उलटली होती, आतल्या आत, किती महिन्यांपासून कुणास ठाऊक. "आणि ते तांब्याचं प्रथिन लिव्हरच तयार करतं, मॅडम. लिव्हरच थकलं तर ते कमीच येणार. अशा आजारात कधी कमी येतं, कधी जास्तही येतं. त्याचा घरातल्या पाण्याशी काही संबंध नाही." मी परत परत विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की. मग माझा पारा चढला. "मग हे त्या दिवशी त्या व्हरांड्यात उभं राहून कुणी का नाही सांगितलं?" "सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू माझी लेक हाईस. तू असंच म्हणणार." फोन ठेवून दिला!

तेव्हा मला कळलं, डॉक्टरनं सांगून भागणार नाही आणि मी सांगून तर नाहीच नाही. ज्या माणसाच्या गप्प बसण्यानं आई मेल्यासारखी झाली होती, त्याच माणसाला बोलावं लागणार होतं. रविवारी मी हदगावची गाडी पकडली.

तुझ्या माहेरच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. गजानन त्यात पाय फिरवत होता. मला बघून थांबला. काकू बाहेर आल्या, किती वाळल्यात गं त्या! "ये माय," म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या. मी म्हणाले, "आधी ऐका, मग चहा." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

गजानन म्हणाला, "मग डॉक्टर तांबं तांबं काऊन म्हणला?"

मला राग आवरेना. "घरात भाकरी करणारीच अंथरुणाला खिळली तर टोपल्यात भाकरी कमीच दिसणार ना? म्हणून काय शेजारणीनं आणून दिलेल्या भाकरीनं तिला मारलं का?"

तो खाली बसून सोयाबीनमधले खडे वेचायला लागला. काकू खांबाला धरून उभ्या होत्या.

"विहीणबाईला आजवर हेच वाटून राहिलं?"

"हो."

"पण मी कधी म्हणलं तसं?"

"काकू, तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

त्या आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. चहा नाही, बोलणं नाही. आणि बाहेर आल्या त्या पायात चपला, खांद्याला पिशवी. "चल." मी म्हणाले, आत्ता? "मग कधी? दीड वर्ष काय कमी झालं?" गजाननानं गाडी काढली आणि आम्हाला स्टँडवर सोडलं. बस हलायला लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "तुमच्या आईला म्हणावं..." आणि बसबरोबर थोडा चालत आला. "येतो म्हणावं मी," म्हणाला.

नांदेडला गाडी बदलताना ऊन मी म्हणत होतं. मी म्हणाले, काकू, बाटली घेऊ का पाण्याची? त्यांच्या पिशवीत नेहमीची बाटली नव्हती. "नको. घरी जाऊन पिऊ." मला वाटलं, उन्हानं त्यांचं भान हरपलंय. कुणाच्या घरी?

दिवस मावळायला रेणापुरात पोचलो. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. काकूंना बघून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. सवयीनं पाण्याचा पेला आणायला आत वळली आणि तशीच थांबली, कारण ही बाई आपल्याकडचं पाणी घेत नाही. मला वाटलं, आता काकू म्हणतील, माझ्या मनात काही नाही. पण काकू काय म्हणाल्या?

"तो तांब्या कुठं हाय, विहीणबाई?"

मी ओरडलेच, "काकू!"

"टाकला," आई म्हणाली.

"न्हाई टाकला तुमी. लेकीच्या तोंडाला लागलेला तांब्या कोन टाकतं?"

आई मग कोठीघरात गेली. ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं एक गाठोडं काढलं. तुझा जुना हिरवा परकर होता तो, आणि आत तांब्या. पार काळा पडलेला. वहिनी, मी या घरची लेक, आणि मला हे ठाऊक नव्हतं!

काकूंनी तो हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला. "चिंच हाय का घरात?"

आणि मग तुझ्या दोन्ही आया मोरीत बसल्या. एकीनं तांब्या धरला, दुसरीनं चिंच चोळली. दादा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला बाजूला हो म्हणणार होते, पण मलाच पुढं पाऊल टाकता येईना. तांब्या लखलखीत झाल्यावर काकूंनी तो नळाखाली धरला, काठोकाठ भरला. "रातभर ऱ्हावं लागतं न्हवं पाणी ह्यात?"

आईच्या लक्षात आलं. ती घाबरून म्हणाली, "विहीणबाई, न्हाई, आसं करू नका. तुमचा नेम हाय."

"लेकीला लेकरू होईस्तोवर होता नेम," काकू म्हणाल्या. "आता कोणाला होऊन राहिलं लेकरू?"

मी तशीच परसात पळाले. परत आले तेव्हा काकू तुझ्या खोलीत तुझ्या कॉटवर आडव्या झाल्या होत्या. आणि आई फुलपात्र झाकलेला तांब्या घेऊन त्यांच्या उशाशी ठेवत होती.

सकाळी काकू उठल्या. तोंड धुतलं, कॉटवर मांडी घालून बसल्या, दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या गं! त्या म्हणाल्या होत्या अगदी तशा. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं, तरी थांबल्या नाहीत. मग तांब्या खाली घेतला, तोंड पुसलं आणि तो आईपुढं धरला.

"घ्या. दवाखान्यात तिनं ह्याच तांब्यातलं पाणी मागितलं होतं. तुमी माझ्या पोराला भिऊन दिलं न्हाई. मी त्याच्या मागंच उभी होते. मला बोलायला पायजे होतं, दे म्हणायला पायजे होतं. मी बी गप्प बसले. आता तिच्या वाटचं तुमी प्या."

आईनं तांब्या घेतला. तिनं एक घोट घेतला, आणि तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा, वहिनी, पहिल्यांदा ती मोकळ्या गळ्यानं रडली. "माझी लेक गेली वो विहीणबाई," म्हणाली. 'सून' म्हणाली नाही.

तुझ्या आईला आपल्या घरी पाणी पिताना एकदा बघायचंय, एवढंच मागितलं होतंस तू. ती प्यायली. सगळे होतो तिथं. दादा होता, मी होते, आई होती. तूच कशी नव्हतीस गं? हे असं कुठं असतं का?

आता तुला शब्द देते. पुढच्या नवमीला तुझ्या पानाशी हाच तांब्या असेल आणि तो आपली आईच भरेल. काकू आता येत-जात राहणार आहेत, तसं ठरलंय. नांदेडला त्यांची गाडी बदलताना मी स्टँडवर उभी असेन, तुझ्यासाठी असायचे तशीच. आणि घरातली, शाळेतली, शेजारची कुठलीही बाई मला म्हणाली ना, "काही न्हाई गं ताई, थकून राहिले जरा," तर मी हसणार नाही. हात धरून आधी तिचे डोळे बघेन.

तुझी, वयानं लहान असूनही तू जिला ताई म्हणायचीस ती,
शीतल